एक्क्याण्णव किलोंची तिरडी

कवडू डेकाटे जे काही बनवायचा, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्याचं वजन लिहायचा. फाटक असो, जिन्याचा कठडा असो, कूलरचा स्टँड असो. काम संपलं की वस्तू हातगाडीवर घालून कळमना मार्केटमधल्या ओळखीच्या काट्यावर न्यायची, तोलायची आणि परत आणून वेल्डिंगच्या रॉडने आकडा उठवायचा. चौऱ्याऐंशी. एकशे बारा. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काहून लिहिता जी? लोकांले वाटते, घर नंबर आहे." कवडू उत्तर देत नसे. ज्याला आपल्या फाटकाचं वजन ठाऊक नको, अशा माणसाशी काय बोलायचं.

उंची सहा फूट. एकोणिसाव्या वर्षी काटोलकडचं गाव, संत्र्याची झाडं आणि बाप मागे टाकून तो नागपुरात आला. लोहाओळीत पाइपांचे गठ्ठे उतरवता उतरवता वेल्डिंग शिकला आणि कळमना मार्केटच्या मागच्या वस्तीत फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. तेव्हापासून जगाची त्याने दोन भागांत वाटणी केली होती: हाताला जड लागतं ते, आणि उरलेलं. ॲल्युमिनियमला तो पत्रावळ म्हणायचा. लाकूड म्हणजे वाळवीचं जेवण. प्लास्टिकचं तो नावच घेत नसे. बांबू मुळात गवत आहे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि बांबूचं एखादं लफडं उघडकीला आल्यासारखा तो ही गोष्ट सांगायचा.

कुणाच्या घरी गेला की बसण्याआधी खुर्ची एका हाताने उचलून बघायचा. दुर्गेशसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा सगळे आत पोहे खात होते आणि हा बाहेर फाटकाचा पत्रा बोटाने वाजवत होता. परत येताना म्हणाला, "सोळा गेजचा पत्रा आहे, चांगला जाड. माणसं बरी असतीन." मयुरा या घरात सून म्हणून आली ती सोळा गेजच्या शिफारशीवर.

सत्यवतीच्या स्वयंपाकघराचं दार बासष्ट किलोंचं होतं. तीस वर्षं ते ती कमरेने ढकलत आली होती. दुर्गेशचा पाळणा अडतीस किलोंचा. झोका द्यायला दोन बाया लागायच्या आणि एकदा सुरू झालेला झोका थांबवायला तीन.

"आपल्या घरात चोर येऊच शकत नाही," कवडू म्हणायचा.

"आमालेच येता येत नाही, तं चोराले कुठून येते?" सत्यवती म्हणायची.

अशा घरातला मुलगा इंजिनियर झाला आणि मिहानमध्ये विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला, जिथे दिवसभर एकच काम चालायचं: वजन कमी करणं. एकदा त्याने एक काळा तुकडा घरी आणला. तळहाताएवढा, पुठ्ठ्यासारखा हलका.

"बाबा, कार्बन फायबर आहे हे. स्टीलच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचं वजन, अन् ताकद स्टीलपेक्षा जास्त."

कवडूने तो तुकडा शिकंज्यात धरला आणि दोन किलोंच्या घणाने हाणला. एकदा, दोनदा, सात वेळा. तुकडा होता तसा. कवडूने तो उजेडात धरून खूप वेळ पाहिला.

"तुटला असंल आतून," तो म्हणाला. "काळा आहे म्हणून दिसत नाही."

"बाबा, नुसती ताकद नाही पाहत. एका किलोत किती ताकद आहे ते पाहतात. त्या हिशेबानं तं बांबूही तुमच्या लोखंडाले ऐकत नाही."

बांबूचं नाव निघालं आणि कवडू उठून बाहेर गेला. त्याला राग आला, असं दुर्गेशला वाटलं. राग नव्हता तो.

*

चार वर्षांपूर्वी कवडूचा बाप गेला. सोनबाजी डेकाटे. शेवटची काही वर्षं तो मुलाकडे राहायला आला होता. लोखंडी घरात मांजरासारखा वावरायचा, कशालाही हात न लावता. माणूस बेचाळीस किलोंचा. जन्मभर त्याने एकच काम नीट केलं होतं. संत्र्याला बहार आला, फांद्या फळांनी वाकल्या की त्यांना खालून बांबूचे टेकू द्यायचे. कोणता बांबू कोणत्या फांदीला, हे तो बोट वाकवून बांबूवर टकटक करून ठरवायचा. कवडू लहानपणी त्याच्या मागे बांबू धरून हिंडलेला होता आणि कंटाळला होता. त्याचं शहर त्या कंटाळ्यातून सुरू झालं.

तिरडी बांधायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, बुरडाकडून बांबू आणू. कवडू म्हणाला, "कायले? घरी आहेत नं." दुकानासमोरची ताडपत्री वर टेकवायला दोन बांबू ठेवलेले होते. त्यातल्या एकाला घुण लागला होता. टाचणीएवढी भोकं होती, त्यातून पिवळं पीठ गळत होतं. कवडूला ते दिसलं. गेज न मोजता पाइप न घेणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी बांबू नुसता खांद्यावर टाकला आणि अंगणात आणला. बांबूच तर आहे.

वस्तीतून दहनघाट सव्वा किलोमीटर. मध्ये ट्रक तोलायच्या धरमकाट्याच्या भिंतीशी एक निंबाचं झाड आहे. तिथे विसावा असतो: तिरडी खाली ठेवायची, पुढचे खांदेकरी मागे जायचे, मागचे पुढे, आणि मग उचलायची. उचलताना बांबू कड्कन मोडला. सोनबाजी डाव्या अंगाला घरंगळला आणि रस्त्यावर पालथा पडला. अंगावरचा गुलाल रस्त्याला लागला.

लोक चांगले होते. त्यांनी त्याला उचललं, हातावर घाटापर्यंत नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. महिन्याभरात निंबाच्या झाडाला पत्ता मिळाला. कुरिअरवाल्याने फोन केला की वस्तीतला कोणीही सांगायचा, "बुढा पडला तो निंब माहीत आहे नं? तिथून डावीकडे." सिलिंडरवाल्याला तेच. पाहुण्यांना तेच. मयुराच्या माहेरचे पहिल्यांदा आले, तेही असेच विचारत विचारत कवडूच्या दारापर्यंत पोचले, आणि बुढा कोणाचा होता हे दारात कळल्यावर चप्पल काढताना फार वेळ खाली बघत राहिले.

घुण लागलेल्या बांबूचं कवडूने कोणाला सांगितलं नाही. लोकांनी दोष बांबूला दिला, आणि त्याने देऊ दिला. त्याला आता एकच हवं होतं: सोनबाजी हे नाव त्या रस्त्यावरून उठून दुसऱ्या कशावर तरी बसावं. जे मोडत नाही, अशा कशावर.

*

म्हणून त्याने लोखंडाची तिरडी बनवली. दोन इंची जाड पाइपाचे दोन दांडे, आठ-आठ फुटी. मध्ये सात अँगल. वर तीन एमएमचा पत्रा. चार पाय, बाजूला कठडे, डोक्याकडे बारीक सळईचं कमळ. तीन महिने गिऱ्हाइकांची फाटकं थांबली. पायाकडच्या पाटीवर त्याने अक्षरं कापून जोडली: कै. सोनबाजी डेकाटे यांच्या स्मरणार्थ. काट्यावर नेली. एक्क्याण्णव किलो. खालच्या डाव्या कोपऱ्यात आकडा उठवला.

दुर्गेशने रविवारी ती पाहिली. खाली वाकला, एका कोपऱ्याला हात घालून उचलायचा प्रयत्न केला, सरळ झाला.

"बाबा, बांबूची तिरडी दहा किलोंत होते."

"अन् मोडते."

"आजोबा बेचाळीस किलोचे होते. ही एक्क्याण्णव. माणूस तिरडीवर चालला का तिरडी माणसावर?"

"यावर हत्ती ठेव. वाकली तं नाव बदलीन."

"हत्ती ठेवता येते, बाबा. उचलणार कोण?"

"चार माणसं भेटत नाहीत का या वस्तीत?" कवडू म्हणाला.

वस्तीत माणसं भरपूर होती आणि त्यातली अकरा तर समितीतच होती. घाट सौंदर्यीकरण व सुविधा समिती. अध्यक्ष मनोहरराव. त्यांनी आतापर्यंत घाटावर अध्यक्षांच्या नावाचे तीन बोर्ड लावून सौंदर्यीकरण पूर्ण केलं होतं. सुविधा बाकी होती. कवडूचा प्रस्ताव त्यांना सुविधेसारखा दिसला.

"लोकार्पण करू," ते म्हणाले.

"तिरडीचं?" कवडू म्हणाला.

"मंग काय झालं? लोकांसाठीच आहे नं ते?"

लोकार्पणाला मंडप पडला, लाल फीत आली, कैची ठेवायला मखमली उशी आली. नारळ पत्र्यावर फोडला. त्याचे तुकडे झाले आणि पत्र्याला ओरखडाही आला नाही, यावर टाळ्या पडल्या. मग फोटोवाला म्हणाला, रिकामी तिरडी उचललेली बरी दिसत नाही. त्यावर कोण झोपणार, असा प्रश्न निघाला. समितीचे अकरा सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. सेवेची एवढी मोठी संधी समोर असताना प्रत्येकाला दुसऱ्याचा मान आठवला. शेवटी मार्केटमधून गव्हाचं पन्नास किलोंचं पोतं आणलं. ते तिरडीवर आडवं ठेवलं, शाल पांघरली, हार घातला. चार सदस्यांनी तिरडी कमरेएवढी उचलली, फोटो निघेपर्यंत दात दाखवले आणि सोडून दिली. 'मोक्षाच्या मार्गावर आणखी एक पाऊल' या मथळ्याखाली तो फोटो वस्तीच्या ग्रुपवर फिरला. खाली बेचाळीस जणांनी हात जोडले. दोघांनी, कोण गेलं म्हणून विचारलं.

भाषणात मनोहरराव भरभरून बोलले. "मी सर्वांसमोर शब्द देतो. माझ्या घरचं जे कोणी पहिलं जाईल, ते याच तिरडीवरून जाईल."

पुढच्या रांगेत त्यांची आई बसली होती. गोपिकाबाई, वय अठ्ठ्याऐंशी, वजन चौतीस किलो, कान शाबूत.

"अरे, घरात सगळ्यात मोठी मीच हावो," ती मोठ्याने म्हणाली. "नाव घेऊनच सांग नं सरळ."

मंडप हसला. मनोहरराव माइकवरून "आई गंमत करते" म्हणाले. नारळाचा प्रसाद वाटताना म्हातारीने कवडूला जवळ बोलावलं.

"कवडू, चांगली बनवली गा. पण मले बांबूवर न्या. लोखंड उन्हात पोळते."

"आजी, मेल्यावर कुठं पोळते?"

"मले नाही रे भैताडा. तुमाले पोळन."

कवडूने ते हसण्यावारी नेलं. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली. पण सकाळी सिलिंडरवाला दारात उभा राहून फोनवर मालकाला सांगत होता, "हो, भेटलं घर. बुढा पडला तिथून डावीकडेच." काही बदललं नव्हतं. कवडूला वाटलं, एकदा कोणीतरी यावरून गेलं पाहिजे. वस्तीने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे की सोनबाजीच्या नावाची तिरडी कोणाला पाडत नाही. एखाद्याच्या मरणाची इतक्या निरोगी मनाने वाट पाहणारा माणूस वस्तीत दुसरा नव्हता. डॉक्टरही नव्हता.

हिवाळ्यात चार जण गेले. चारी वेळा घरच्यांनी तिरडीकडे पाहिलं, एका कोपऱ्याला हात लावून बघितला आणि बुरडाकडे माणूस पाठवला. "तुमची चांगली आहे कवडूभाऊ," ते म्हणायचे, "पण बाबूजींची इच्छा बांबूची होती." मरताना इतकी माणसं बांबूबद्दल बोलून जातात, हे कवडूला माहीत नव्हतं.

*

मे महिन्यात गोपिकाबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास न देता. मनोहररावांनी बुरडाकडे माणूस पाठवायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात कोणीतरी ग्रुपवरचा लोकार्पणाचा व्हिडिओ लावला. "माझ्या घरचं जे कोणी पहिलं जाईल," मोबाइलमधले मनोहरराव म्हणाले. अंगणातल्या मनोहररावांनी तोंड मिटलं.

तिरडी घाटावर उघड्यावर होती. तिच्यासाठी शेड मंजूर झालेली होती; बांधून झालेली नव्हती. मालवाहू ऑटोतून आणली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दांड्याला हात लागत नव्हता. तीन बादल्या पाणी ओतलं. पाणी सूं करून नाहीसं झालं. आणखी चार ओतल्या. म्हातारीला ठेवलं, बांधलं. एवढ्या मोठ्या पत्र्यावर ती शाळेच्या पटांगणात विसरलेल्या दप्तरासारखी दिसत होती.

मनोहररावांच्या हातात मडकं होतं, त्यामुळे त्यांचा खांदा सुटला. उजवीकडे पुढे कवडू लागला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तो गेला. डावीकडे मागे मनोहररावांचा भाचा पियुष, कवडूच्याच उंचीचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांना समितीचे चिटणीस आणि खजिनदार, दोघंही सव्वापाच फुटांचे. खांद्यावर ओले दुपट्टे टाकले. "राम नाम सत्य है" म्हणत तिरडी उठली.

पन्नास पावलांत कवडूला कळलं.

बांबू वाकतो. चार खांदे चार उंचीचे असले तरी बांबू थोडा इकडे, थोडा तिकडे झुकतो आणि प्रत्येकाच्या खांद्यावर येऊन टेकतो. लहानपणी फांद्यांखाली त्याने हे रोज पाहिलं होतं. फांदी हलली की टेकूही हलायचा. लोखंड वाकत नाही. दोन उंच माणसांच्या खांद्यांवर ते तिरपं बसलं आणि तिथेच राहिलं. चिटणीस आणि खजिनदार यांच्या खांद्यांत आणि पाइपात दोन बोटं अंतर होतं. दोघं हात वर करून, अत्यंत दुःखी चेहऱ्याने, हवेला आधार देत चालले होते. सव्वाशे किलो कवडू आणि पियुष यांच्या मानेवर होते. दुपट्टा वाळला होता. पाइप सदऱ्यातून आत उतरत होता.

"बदला गा कोणी," पियुष मागून ओरडला. "आजी गेली, आता मीही जातो."

कोणी पुढे आलं नाही. दीडशे माणसांची मयत होती आणि त्यातल्या शंभर जणांना त्याच क्षणी फोन आले होते. बाकीचे पन्नास रस्त्याच्या कडेला सावलीतून चालत होते, मान खाली घालून, शोकात.

निंबाच्या झाडाखाली विसावा आला. तिरडी सिमेंटच्या रस्त्यावर टेकली तेव्हा चारी पायांचा आवाज मार्केटच्या दुसऱ्या फाटकापर्यंत गेला. पियुष मटकन खाली बसला. कवडू उभा राहिला, कारण तो इथे बसू शकत नव्हता. बरोबर त्याच जागी चार वर्षांपूर्वी सोनबाजी पालथा पडला होता.

"चला, उचला," मनोहरराव म्हणाले. मडक्यातला धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता.

पियुष नाही म्हणाला. दुसरे चार आले, वाकले, तिरडी गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. तेव्हा कोणाला तरी मार्केटचे हमाल दिसले. दुपारची गाडी यायची होती म्हणून सातआठ जण भिंतीच्या सावलीत बसलेले होते. त्यांचा मुकादम विश्वनाथ, शंभर किलोंचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढणारा माणूस.

"विश्वनाथ, जरा हात लाव गा," मनोहरराव म्हणाले.

विश्वनाथ उठून आला. त्याने चप्पल काढली, म्हातारीला हात जोडले. मग तिरडीच्या कोपऱ्यात उकिडवा बसून आकडा वाचला.

"आजी कितीची होती?"

"चौतीस."

"माल चौतीस, अन् बारदाना एक्क्याण्णव," विश्वनाथ म्हणाला. बारदाना म्हणजे माल ज्यात भरतात ते पोतं, ती पेटी. मार्केटात त्याचं वजन वजा करतात. "पूर्ण कळमन्यात असा धंदा कोणी नाही केला, भाऊ. आम्ही उचलतो. आमाले काही नाही होत. पण आजीले काहून एवढं लोखंड वाहायले लावता? मंडपवाल्याचे बांबू पडले आहेत नं तिकडं."

भिंतीशी खरंच बांबूंचा ढीग होता. लग्नसराई होती. यावर एक जाणते काका म्हणाले की विसाव्यावर तिरडी बदलत नाहीत. दुसरे म्हणाले की तसं कुठे लिहिलेलं नाही. तिसरे म्हणाले की गेल्या वेळी इथे तिरडीच काय, माणूस खाली आला होता, आणि मग कवडूकडे पाहून गप्प झाले.

"बांबू घ्या," मनोहरराव म्हणाले. "कवडूभाऊ, आणा दोन. पटकन."

कवडू ढिगाशी गेला. बारा-तेरा बांबू होते. त्याने वरचा उचलला आणि थांबला. बोट वाकवलं आणि टकटक केलं. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. टकटक. टोकाला नाक नेऊन पेरांमध्ये पाहिलं, नख फिरवलं. बाजूला ठेवला. तिसरा.

"अहो, कोणताही घ्या नं," मनोहरराव म्हणाले. "ऊन किती तापून राहिलं."

"कोणताही नाही चालत, भाऊ." कवडूने मान वर केली नाही. "माझ्या बापाले मी कोणताही घेतला होता."

"म्हणजे?"

"घुण लागलेला होता. मले दिसला होता. भोकं दिसली होती, पीठ गळत होतं. दुकानाची ताडपत्री टेकवाचा बांबू होता तो. म्हटलं, बांबूच तं आहे." त्याने चौथा बांबू वाजवला. "चार वर्षं तुम्ही बांबूले नाव ठेवून राहिले. बांबूनं नाही पाडलं त्याले. मी पाडलं."

 एका खिशातला फोन आरती वाजवू लागला आणि घाबरून बंद झाला. चिटणीस, ज्यांना गप्प राहण्याची सवय नव्हती, अध्यक्षांच्या कानाशी कुजबुजले, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"तू चूप बस बाप्पा," मनोहरराव म्हणाले.

विश्वनाथ कवडूशेजारी येऊन बसला आणि एकेक बांबू उचलून त्याच्यासमोर धरू लागला. सातवा आणि अकरावा निघाले. आडव्या काड्या निघाल्या. सुतळी मार्केटमधून आली. कवडूने गाठी मारल्या. हातांना आठवत होत्या. गोपिकाबाईंना चादरीसकट नव्या तिरडीवर घेतलं, आणि चार हमालांनी ती उचलली तेव्हा ती इतकी सहज वर आली की मागचा एक जण तोल जाऊन पुढच्यावर आदळला. बांबू थोडा झुकला आणि चारही खांद्यांवर टेकला. मयत भराभर निघाली. सावलीत चालणारे लोकही आता खांद्यासाठी रांग लावू लागले.

*

संध्याकाळी कवडूने सत्यवतीला सांगायला सुरुवात केली. ती भाकरी थापत होती.

"बाबांच्या टायमाचा तो बांबू..."

"माहीत आहे मले."

"कोणी सांगितलं? एवढ्यात?"

"कोण सांगन? दुसऱ्या दिवशी अंगण मीच झाडलं होतं. पिवळं पीठ पडलं होतं, मूठभर."

"मंग चार वर्षं बोलली काहून नाही वं?"

"तुमी तिरडी बनवून राहिले होते," ती म्हणाली. "मले वाटलं, बनवून झाली का सांगतीन." आणि बासष्ट किलोंचं दार कमरेने ढकलून ती ताट आणायला गेली.

तिरडी निंबाखालीच राहिली. घाटावर परत नेऊ, असं समितीत दोनदा ठरलं. नेणार कोण, हे ठरलं नाही. पहिल्या आठवड्यात तिच्यावर कुत्रं झोपलं. दुसऱ्या आठवड्यात विश्वनाथने गोणपाट टाकलं आणि दुपारच्या सुट्टीत चार हमाल ओळीने बसले. तीनशे किलोंच्या आसपास माणूस. पत्रा हूं की चूं करेना. मग काटोलच्या बसची वाट पाहणाऱ्या बाया बसू लागल्या. मग घाटाकडे जाताना म्हातारे थांबू लागले. समितीने ठराव करून 'ज्येष्ठांसाठी आसनव्यवस्था' ही सुविधा पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि शेजारी अध्यक्षांच्या नावाचा चौथा बोर्ड लावला.

त्रास एकच होता. चारही कोपऱ्यांना दांड्यांची टोकं दीड-दीड फूट बाहेर आलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नडग्या फुटायच्या, मोटारसायकली अडकायच्या. एका सकाळी कवडू कटर घेऊन आला. वायर धरमकाट्याच्या खोलीतून घेतली.  मग गॉगल लावला. ठिणग्या उडाल्या. चारही टोकं एकामागून एक खाली पडली. कडा त्याने हाताला लागणार नाहीत अशा घासून गोल केल्या. कापलेले तुकडे काट्यावर ठेवले: बारा किलो. तिरडीच्या डाव्या कोपऱ्यातले एक्क्याण्णव त्याने ग्राइंडरने पुसले आणि एकोणऐंशी लिहिले. पाटीला हात लावला नाही.

आता वस्तीत मयत झाली की माणूस आधी कवडूकडे येतो. कवडू दुकान तसंच टाकून बुरडाकडे जातो, बोट वाकवून बांबू वाजवतो, दोन काढतो. फाटकं अजूनही तो लोखंडाचीच करतो आणि कोपऱ्यात वजन लिहितो. फक्त स्वयंपाकघराचं दार बदललं. दुर्गेशने आणलेलं आहे, नऊ किलोंचं. पहिल्या दिवशी सत्यवतीने सवयीने कमरेचा धक्का दिला आणि ती थेट अंगणात पोचली.

परवा दुपारी कवडू निंबाखाली गोणपाटावर बसला होता. शेजारी काटोलकडचा एक शेतकरी पेट्या उतरवून दम खात होता. एक पोऱ्या मोटारसायकल थांबवून फोनवर कोणाशी तरी बोलत होता, पार्सल द्यायला आलेला.

"हो जी, पोचलो. सोनबाजीच्या बाकाजवळ आहो. आता डावीकडे नं?"

तो गेला. शेतकऱ्याने वाकून पाटी वाचली.

"कोण होते गा हे सोनबाजी?"

विश्वनाथने पलीकडून कवडूकडे पाहिलं.

"बाप होता माझा," कवडू म्हणाला. "संत्र्याच्या फांदीले बांबू लावत होता."